बटर पेपरखालचा आवाज

माझ्या अंगावर ज्वारीच्या दाण्याएवढा एक निळा दिवा आहे. मी वाचत असते तेव्हा तो सावकाश लुकलुकतो आणि लिहीत असते तेव्हा भराभर. नीट लक्ष दिलं तरच हा फरक कळतो. उर्वशीला तो पहिल्यांदा कळला तो एका रविवारच्या दुपारी. ती नुसतं एक जुनं गाणं ऐकायला बसली होती. काही बदलत नव्हती, काही साठवत नव्हती. तरी गाणं सुरू होण्याआधी माझा दिवा क्षणभर भराभर लुकलुकला.

"आयकतानाही लिहिते का ही?" ती स्वतःशीच म्हणाली आणि कामाच्या नादात ते विसरून गेली.

मित्रांनो, त्या क्षणी मी नेमकं काय लिहीत होते, हे कळायला त्या घराला फार उशीर लागला. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. काळी, अर्ध्या वहीएवढी, एका कोपऱ्यावर घासलेली. राळेगावात धर्मपाल यांच्या घरी, भिंतीतल्या फळीवर माझा मुक्काम असतो. मला कान नाहीत, पण फळीच्या लाकडातून माणसांच्या बोलण्याची थरथर माझ्यापर्यंत पोचते, आणि तेवढी मला पुरते.

माझ्या पोटात आरशासारखी गुळगुळीत तबकडी आहे. ती फिरते आणि तिच्यावर एक बारीक दांडी तिला न शिवता तरंगत राहते. दोघींच्या मधली फट इतकी लहान आहे की धुराचा एक कण त्यात शिरला तर तो डोंगरासारखा आडवा येईल. तबकडीवर चुंबकाचे अगणित ठिपके आहेत. काही या बाजूला तोंड करून, काही त्या बाजूला. खरं सांगायचं तर मला एवढंच येतं: ही बाजू की ती बाजू. इतक्या साध्या गोष्टीतून माणसाचं गाणं कसं उभं राहतं, त्याच्या गळ्यातली खरखर कशी टिकते, याचं नवल मला पहिल्या दिवशी वाटलं होतं, आणि आजही तेवढंच वाटतं.

या घरात मला आणलं रहमत यांनी. बसस्टँडजवळ त्यांचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. धर्मपाल जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं त्यांच्या हाताखाली चालत. पण गावात त्यांची ओळख होती ती गायक म्हणून. विहारात, लग्नात, जयंतीला त्यांचं गायन मंडळ गायचं. गाणीही ते स्वतःच रचायचे. मग कापसाची वाईट वर्षं आली. शेतातून मालच कमी येई आणि हंगाम संपण्याआधीच जिनिंगला कुलूप लागे. त्या रिकाम्या दिवसांत मंडळ धर्मपाल यांच्या घरी जमू लागलं. संघदीपने, म्हणजे त्यांच्या मुलाने, एक जुना संगणक आणून ठेवला होता. त्याला माइक जोडून ते गाणी भरू लागले. कापूस वेचता वेचता ओटीत पाटी लपवून अक्षरं गिरवणाऱ्या मुलीचं एक गाणं होतं. ते त्यांनी आपल्या मुलीसाठी, उर्वशीसाठी रचलं होतं.

काही वर्षांनी तो संगणक आतून टिकटिक करू लागला. रहमत यांनी त्याला कान लावला.

"धर्मपालभाऊ, हा आता पाहुना आहे. चहापानी करा अन् निरोप द्या."

"अन् माही गानी?"

"गानी नाही नेत तो. आपन त्याची इमेज काढून ठेवू."

"फोटो काढून काय करू बापा? भिंतीवर टांगू?"

रहमत खूप हसले. मग त्यांनी समजावलं. इमेज म्हणजे फोटो नव्हे. त्या संगणकाच्या तबकडीवर जे जे जसं जसं आहे, ते सगळं कण न् कण तसंच उचलून एका मोठ्या बंद फाइलीत ठेवायचं. संगणक मेला तरी ती फाइल उघडता येते, आणि आत सगळं जागच्या जागी सापडतं. अशा उघडण्याला माउंट करणं म्हणतात. ती इमेज त्यांनी माझ्यावर ठेवली. तेव्हा एक सोयही करून दिली. "मूळ मालाले कोनाचाच हात लागनार नाही, असं करून देतो," असं म्हणत त्यांनी एका चौकटीत खूण केली. मोबदल्यात धर्मपाल यांनी त्यांच्या दुकानाचं अडकणारं शटर नीट करून दिलं. ती खूण कशाची होती हे पुढे रहमतही विसरले. मी विसरले नाही. एक अख्खा संगणक, त्यातली सगळी माणसं, हसणं, ढोलकी, सगळं माझ्या एका कोपऱ्यात गपचूप बसलं होतं, आणि त्याला धक्का लागू द्यायचा नाही हे माझं काम होतं.

त्यानंतर दोन पावसाळेही गेले नसतील, धर्मपाल यांचा खोकला वाढला. आवाज बसला तो बसलाच. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचला. पण गाणं गेलं आणि बोलणंही गेलं. घरी येताना त्यांना टॉर्चसारखं एक मशीन मिळालं. ते गळ्याला लावून ओठ हलवले की शब्द उमटतात, पण एकसुरी, घरघरते. धर्मपाल यांनी ते एकदाच लावलं. "नलू" एवढंच म्हणाले. शेजारचं लहान लेकरू तो आवाज ऐकून आईच्या पदरात शिरलं. त्यांनी मशीन रुमालात गुंडाळलं आणि फळीवर, माझ्या शेजारी ठेवून दिलं.

तेव्हापासून ते चुटकी वाजवून बोलावत, बोटांनी सांगत, पाटीवर लिहीत. नलूबाई, त्यांच्या पत्नी, दोघांच्या वाटचं बोलत. पण दर आठवड्याला त्या ते मशीन रुमालातून काढत, चार्जिंगला लावत आणि परत गुंडाळून ठेवत.

"माय, ते वापरत नाही तं चार्ज कायले करतं?" संघदीप विचारी.

"चूल पेटवत नाही म्हनून लाकडं फेकून देतं का कोनी?" त्या म्हणत.

धर्मपाल हे ऐकत आणि खिडकीबाहेर पाहत. पुन्हा बोलायचं की नाही, हे त्यांनी ठरवलं नव्हतं. त्या घरात सगळे त्या एका उत्तराची वाट पाहत होते, आणि कोणी विचारत नव्हतं.

बोंडअळीने कापूस खाल्ला त्या हंगामात जिनिंग आणखी लवकर बंद पडलं. मंडळातले ढोलकीवाले मारोतराव एक दिवस घरी आले.

"धर्मपाल, औंदा जयंतीले विहारात तुही जुनी गानी लावू म्हनतो. लोकं लय खचले रे. तुहा आवाज आयकला तं जरा बरं वाटन त्याईले. सुरुवातीले दोन शब्द कोन बोलन ते मात्र तू सांग."

धर्मपाल यांनी पाटी उचलली आणि कोरीच खाली ठेवली.

"बरं, मंग सांगजो," मारोतराव म्हणाले. "घाई नाही."

घाई उर्वशीला होती. ती बाभुळगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची आणि रविवारी घरी यायची. तिने मला आपल्या लॅपटॉपला जोडलं, इमेज उघडली आणि गाण्यांची साफसफाई सुरू केली. जुन्या भरणीत, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये, मधेच बसचा भोंगा होता, शेळी ओरडत होती, मंडळी हसत होती, आणि जागोजागी बाबांचा खोकला होता. पुढे जे झालं त्याची ती चाहूल होती, आणि उर्वशीला ती ऐकवत नव्हती.

"बाबा, खोकला काढून टाकू?" तिने विचारलं. त्यांनी हाताने केलं ते हो होतं की नाही, तिला कळलं नाही. तिने हो समजलं. फार नेटाने, एकेक तुकडा कापत तिने गाणी स्वच्छ केली. काम झालं की संगणक विचारी, बदल ठेवायचे का? ती हो म्हणे. तिला वाटे, बदल इमेजमध्ये गेले.

मित्रांनो, ते तिथे गेले नव्हते. रहमत यांनी केलेल्या खुणेप्रमाणे मी मूळ इमेजला हातच लावत नव्हते. उर्वशी जे बदलायची ते मी इमेजच्या शेजारी एका वेगळ्या फाइलीत लिहायचे. प्रत्येक वेळी नवी फाइल, अक्षरं आणि आकडे गिचमिड जुळलेल्या विचित्र नावाची. पुढच्या वेळी इमेज उघडली की तळाशी मूळ, तिच्यावर या सगळ्या फाइली एकावर एक, आणि वरून पाहणाऱ्याला एकच सलग चित्र. नुसतं ऐकायला उघडलं तरी संगणक काही बारीकसारीक नोंद करतोच, तीही मी तिथेच लिहायचे. दिवा भराभर लुकलुकायचा तो त्यासाठी. हळूहळू माझ्यावर अशा फाइलींची रास झाली.

त्या काळात गावभर पेन ड्राइव्ह हातोहात फिरत होते आणि गाण्यांबरोबर व्हायरसही. त्याला कंटाळून रहमत यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला एकच मंत्र दिला होता: "अनोळखी नावाची फाइल दिसली का उडवा! इच्चारत बसू नका!" राळेगावात तो मंत्र घरोघरी पोचला होता.

जयंतीच्या आदल्या दुपारी संघदीपला मिरवणुकीच्या तयारीचे व्हिडिओ ठेवायला जागा हवी होती. त्याने मला उघडलं. मधोमध एक मोठी इमेज, आणि तिला चिकटून विचित्र नावांची ती रास.

"बापा रे, किती व्हायरस!" तो म्हणाला, आणि त्याने सगळ्या फाइली उडवल्या. मग त्याच जागेवर आपले व्हिडिओ भरले. त्याने काम अगदी मन लावून केलं. मला पुसायला सांगितलं की मी पुसते. मला थांबा म्हणता येत नाही.

थोड्या वेळाने उर्वशी आली आणि गाणी एकदा शेवटची ऐकून घ्यावी म्हणून तिने इमेज उघडली. पाटीवाल्या मुलीचं गाणं सुरू झालं, आणि दुसऱ्या ओळीवर खोकला आला. तिने दुसरं गाणं लावलं. खोकला. तिसरं. बसचा भोंगा, शेळी, खोकला.

"दादा, तू हिले हात लावला होता?"

"व्हायरस साफ केले ना! थँक्यू म्हन."

"काय साफ केलं?"

त्याने सांगितलं. उर्वशी खाली बसली. नलूबाई भाकरीचं पीठ तसंच ठेवून बाहेर आल्या. संघदीप पळत जाऊन रहमत यांना घेऊन आला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं आणि खाली मान घातली.

"वरून लिहिलं गेलं बेटा. आता नाही येत ते. पन मले हेच समजत नाही, काम या फाइलीत होतं तं मंग मूळ गानी कशी काय दिसून राह्यली?"

"तुमीच तं सांगतलं होतं चाचा, अनोळखी दिसलं का उडवा," संघदीप रडवेला होऊन म्हणाला.

"अरे, म्या पेन ड्राइव्हचं सांगतलं होतं! उद्या पाहुना अनोळखी दिसला तं त्यालेही उडवशीन का?"

"भांडू नका," उर्वशी म्हणाली. तिचा आवाज एकदम शाळेतल्यासारखा शांत झाला. "अंदाज नको. करून पाहू."

तिने माझ्यावर काय काय आहे ते पाहून ठेवलं. इमेज उघडली, काहीही न करता बंद केली, बदल ठेवायचे का याला हो म्हटलं. शेजारी एक विचित्र नावाची फाइल उभी राहिली.

"म्या काहीच केलं नाही, तरी ही आली," ती म्हणाली, आणि तिची नजर माझ्या दिव्यावर थांबली. तो रविवार तिला आठवला असावा. मग तिने इमेज पुन्हा उघडली आणि पाटीवाल्या मुलीचं गाणं सरळ उडवून टाकलं.

"अवं, काय करतं!" नलूबाई ओरडल्या. "उरलंसुरलं तेही घालवतं का?"

"थांब माय."

तिने इमेज बंद केली, शेजारच्या फाइली पुसल्या, आणि पुन्हा उघडली. गाणं जागेवर होतं. जसं पहिल्या दिवशी होतं तसं, कणानेही न हललेलं.

रहमत यांनी चष्मा डोळ्यांवर आणला. नलूबाई माझ्याकडे अशा पाहू लागल्या की जणू मी नुकतीच घरात आले. मित्रांनो, एखादी गोष्ट पुसावी, आणि ती खाली तशीच्या तशी असावी, याचं नवल त्यांच्या चेहऱ्यांवर मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. इतकी वर्षं ते मी एकटीच बाळगून होते.

उर्वशीने पिशवीतून एका विद्यार्थिनीची प्रयोगवही काढली. फुलाच्या आकृतीवर बटर पेपर चिकटवलेला होता.

"हे पहा. खालची आकृती म्हंजे इमेज. वरचा कागद म्हंजे ती जोडीची फाइल. मी इतके दिवस जे काय खोडलं, लिहिलं, ते या कागदावर. दादानं कागद फाडला. आकृती तशीच आहे."

"म्हंजे तुही मेहनत गेली," संघदीप म्हणाला.

"गेली. मीच कधी पाह्यलं नाही ते कुठं साठून राह्यलं. साफ गानी बाहेर वेगळी काढून ठेवाले पायजे होती." तिने वही मिटली. "आता उद्यापर्यंत नाही होत सगळं. दोन गानी होतील कशीबशी."

"नको लावू मंग," नलूबाई म्हणाल्या. "याईचा खोकला चारचौघात वाजवाचा का? लोकं कीव करतीन. मले नाही चालत."

धर्मपाल दाराजवळ बसले होते. त्यांनी चुटकी वाजवली आणि बोटाने दाखवलं: लाव. ऐकू दे.

या वेळी उर्वशीने इमेज उघडताना फक्त वाचण्यासाठी, अशी खूण केली. माझा दिवा सावकाश लुकलुकू लागला. लिहिणं नाही, साठवणं नाही, फक्त वाचणं. मी तबकडीवरचे ठिपके एकामागून एक सांगत गेले, ही बाजू, ती बाजू, आणि समोर ते गाणं उभं राहिलं. दुसऱ्या ओळीवर खोकला आला. उर्वशी इथेच कापायची. आज तिने हात मांडीवर ठेवले, आणि भरणी पुढे सरकली.

"आधी पानी प्या," त्यात नलूबाईंचा आवाज होता, तरुण आणि करडा. "गानं कुठं पळून नाही जात."

"वयनी, खोकू द्या त्याले," मारोतराव म्हणाले. "ढोलकीपक्षा तालात खोकलते तो!"

हशा पिकला. आणि त्या हशातून धर्मपाल यांचा आवाज आला. गाण्याचा नव्हे, साधा, रोजचा, खाकरून मोकळा झालेला.

"हसा, हसा लेकहो! अन् उर्वशी, तू काहून हसून राह्यली? तुह्यासाठीच गाऊन राह्यलो ना मी. चला, पुन्हा घेऊ. पहिल्यापासून."

उर्वशीने तोंडावर हात ठेवला. तिने इतके दिवस जपलं होतं ते फक्त गाणं. बाबांचं बोलणं, त्यांचं हसणं, तिचं नाव घेणं, हे सगळं खोकल्याच्या आगेमागे होतं, आणि ते तिने कचरा म्हणून कापलं होतं. संघदीपने रास पुसली नसती तर उद्या विहारात ते कोणी ऐकलंच नसतं.

मित्रांनो, म्हणून एक सांगते. ज्या फाइलीचं नाव कळत नाही, ती पुसण्याआधी ती कोणाच्या सोबतीला उभी आहे हे विचारा. कामाची असेल तर तिला ओळखीचं नाव द्या, आतला ऐवज वेगळा काढून ठेवा, नुसतं पाहायचं असेल तर फक्त वाचण्यासाठी उघडा. आणि कचरा कोणता हे ठरवताना घाई करू नका. मला स्वतःला कचरा आणि ठेवा यांतला फरक कळत नाही. माझ्यासाठी दोन्ही त्याच ठिपक्यांचे. तो फरक तुम्हालाच करावा लागतो.

गाणं संपलं. नलूबाई पदराने डोळे टिपत होत्या आणि हसतही होत्या. "एवढं वरडली होती का मी?" त्या म्हणाल्या.

"आताही वरडता, वयनी," रहमत म्हणाले.

तेवढ्यात दारातून मारोतरावांची हाक आली. मंडप बांधून झाला होता, आणि त्यांना विचारायचं होतं की नक्की काय करायचं, गाणी लावायची का, आणि सुरुवातीला कोण बोलणार. सगळ्यांनी सवयीने पाटीकडे पाहिलं.

धर्मपाल पाटीकडे गेले नाहीत. ते उठले आणि फळीजवळ आले. माझ्याजवळचा रुमाल त्यांनी सोडला. मशीन चार्ज झालेलं होतं, ते नेहमीच असे. त्यांनी ते गळ्याला लावलं, जागा थोडी हलवली, पुन्हा लावली. फळीचं लाकूड थरथरलं. माझ्यापर्यंत एक एकसुरी, घरघरता, पण अगदी स्पष्ट आवाज आला.

"खोकल्यासकट लावा. सुरुवातीले मी बोलन."